घरच्यांकडून टिप घेत नाहीत

मापसाहेबांचं खरं नाव इमारतीच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कोणाला पडली नाही. वजन-मापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. ते दुकानात शिरले की दुकानदार तराजूवरचा हात असा काढून घ्यायचा, जणू तो हात त्याचा नव्हेच. निवृत्त झाले तरी खातं अंगातून गेलं नव्हतं. दूधवाला माप ओतत असताना ते त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की तो बिचारा हिशेबापेक्षा जास्तच ओतून मोकळा व्हायचा. घरात साखरेचा चमचा सपाट करायला एक वेगळी सुरी होती. बायको कधीतरी वैतागून म्हणायची, "अहो, प्रत्येक गोष्ट किलोवर नसते." मापसाहेब यावर नुसते हसत. माप नसलेली गोष्ट त्यांना अजून भेटायची होती.

ती भेटली, आणि एक नाही, दोन भेटल्या. एक नूडल्स आणि दुसरी टिप. नूडल्सचं टोक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. टिपेबद्दल तर कायद्यात अवाक्षर नाही. किती द्यायची, कोणाला द्यायची, हातात द्यायची की वाडग्याखाली सरकवायची, दिल्यावर थांबायचं की चोरासारखं निघून जायचं, काहीच लिहिलेलं नाही. असल्या बेकायदा गोष्टीवर जगभरातली हॉटेलं चालतात आणि सरकार झोपलेलं असतं, असं मापसाहेबांचं मत होतं.

खरं तर या दोन्ही गोष्टींपासून ते लांबच राहिले असते. पण त्यांच्या एकुलत्या एक लेकीने आणि जावयाने चांगल्या नोकऱ्या सोडल्या, होती नव्हती ती पुंजी घातली आणि याच इमारतीच्या कोपऱ्यावर, जिथे पूर्वी चपलांचं दुकान होतं, तिथे नूडल्सचं हॉटेल काढलं. जावई स्वयंपाकघरात आणि लेक गल्ल्यावर. पहिल्या दिवशी सगळ्या इमारतीला फुकट जेवण होतं. फुकटचं जेवून नावं ठेवण्याइतकी आमची माणसं वाईट नाहीत. सगळ्यांनी वाह वाह केली, दोन-दोनदा वाढून घेतलं आणि हॉटेल जोरात चालणार असं भविष्य वर्तवून जिना चढले.

लेक मात्र बापाची लेक होती. आठवड्याने घरी आली आणि म्हणाली, "बाबा, एकदा साधं गिऱ्हाईक म्हणून या. पैसे देऊन जेवा आणि खरं काय ते सांगा. बाकी सगळे गोडच बोलतात. तुम्ही कधी खोट्या मापावर शिक्का मारला नाहीत, तसंच इथेही करा." हे ऐकून मापसाहेबांची छाती इस्त्री केलेल्या सदऱ्यात मावेना. तो सदरा पांढरा होता, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

हॉटेलात त्यांना आणि बायकोला खिडकीजवळचं टेबल मिळालं. वाढायला एक उंचेला, ताठ मिशांचा वेटर होता. पूर्वी मोठ्या हॉटेलात काम केलेला, काळ्या जाकिटातला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. लेक आणि जावई दोघंही या धंद्यात नवखी, त्यामुळे हॉटेल म्हणून जे काही चालत होतं ते कॅप्टनच्या जिवावर. नूडल्स कशा खायच्या, काड्या कशा धरायच्या, आधी सूप प्यायचं की नंतर, हे तो अशा आवाजात सांगायचा की गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकायचं. त्याने मापसाहेबांना गळ्यात रुमाल बांधायला सुचवलं. मापसाहेबांनी नकार दिला. लहान मुलासारखा रुमाल बांधून जेवायला ते काही तयार नव्हते.

पहिल्याच घासाला नूडल्सचा अख्खा गोळा काड्यांबरोबर वर आला, हवेत क्षणभर विचार केला आणि परत वाडग्यात पडला. सूप सदऱ्यावर उडालं. बायको शांतपणे म्हणाली, "रुमाल." मापसाहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग काटा मागवला. काट्यालाही गोळाच आला. सूप चाखलं तर अळणी. गरम होतं, रंगही चांगला होता, पण मिठाची नुसती कुणकुण लागत होती. मापसाहेबांच्या मनात अहवाल तयार झाला. गोळा होतो, मीठ कमी, फेरतपासणी आवश्यक.

अहवाल द्यायला त्यांनी मान वर केली आणि घोटाळा झाला. गल्ल्यावरून लेक त्यांच्याकडे बघत होती. लहानपणी शाळेची प्रगतिपत्रिका दाखवताना बघायची, अगदी तशी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जावईही बघत होता, वाफेने त्याचा चष्मा धुरकटला होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मापसाहेबांनी काटा खाली ठेवला. "छान आहे," ते म्हणाले, "अगदी मापात आहे."

लेकीचा चेहरा असा फुलला, की बायकोनेही टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर मारायला उचललेला पाय खाली ठेवला. पण मापसाहेबांना घास गोड लागेना. ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याचा तराजू जप्त केला होता, त्याने आज खोट्या मापावर शिक्का मारला होता.

या अपराधी मनःस्थितीत टिपेचा प्रश्न आला. बिल दिलं, आता मागे काय ठेवायचं? कमी ठेवावं तर मालकीणबाईंचा बाप कंजूष. जास्त ठेवावं तर म्हातारा लेकीच्या हॉटेलात ऐट मिरवतोय. काहीच न ठेवावं तर फुकट्या. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि समोर ताठ मिशा. शेवटी त्यांनी एक नोट घडी घालून वाडग्याखाली सरकवली आणि बायकोला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

इमारतीच्या दारात चिटणीस आणि दातांचे डॉक्टर नेहमीप्रमाणे उभे होते. चिटणीस म्हणजे इमारतीच्या कमिटीचे चिटणीस, दुसऱ्या मजल्यावर राहणारे, इमारतीत कोण किती वाजता आलं हे ज्यांना त्या माणसाच्या आधी कळतं असे. डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर. मापसाहेब त्यांच्यापर्यंत पोचतात न पोचतात तोच मागून पावलं वाजली. कॅप्टन लांब ढांगा टाकत आला, घडी घातलेली ती नोट दोन बोटांत धरून पुढे केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, हे तुमचं राहिलं."

तो परत गेला. चिटणीसांनी नोटेकडे बघितलं, डॉक्टरांनी चिटणीसांकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत एकच गोष्ट झाली होती, मापसाहेबांनी इतकी बारकी टिप ठेवली की वेटरने रस्त्यावर येऊन ती तोंडावर मारली. सदऱ्यावरचा डाग दोन पाण्यांत गेला, हा डाग जाईना.

पुढे सल्ल्यांना ऊत आला. चिटणीस म्हणाले, टिप नेहमी बिलाच्या प्रमाणात द्यावी. डॉक्टर म्हणाले, प्रमाण वगैरे काही नसतं, वेटरच्या मिशा बघून द्यावी. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, आपण तर उठताना वेटरच्या मुलाबाळांची चौकशी करतो, त्यात सगळं येतं. गंमत म्हणजे सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही आजवर कुठे टिप दिल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं. पोहता न येणारी माणसं काठावरून जोरात ओरडतात, त्यातलाच हा प्रकार.

मापसाहेब पुन्हा गेले, एकटे, भरभक्कम नोट घेऊन. या वेळी वाडग्याखाली वगैरे काही नाही, सरळ कॅप्टनच्या हातात. कॅप्टनने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मापसाहेबांचा संयम सुटला. ही कमी आहे का, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. कॅप्टन खाली वाकून म्हणाला, "साहेब, मालकांचा हुकूम आहे. घरच्यांकडून टिप घ्यायची नाही."

मापसाहेबांना इतकं हलकं वाटलं की त्यांना जावयाला मिठी मारावीशी वाटली. टिप लहान नव्हती तर, माणूस जवळचा होता. हे ऐकून गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गेलेली अब्रू परत मिळाली की ती चार माणसांना दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. जिना चढायच्या आधीच त्यांनी चिटणीसांना गाठलं आणि ऐकवलं, की टिप कमी-जास्त असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या हॉटेलात घरच्यांकडून टिप घेतच नाहीत, असा नियमच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चिटणीस विचारात पडले. चिटणीस विचारात पडले की सभा होते. सभेत पाण्याच्या गळक्या टाकीचा विषय होता, तो दरवेळप्रमाणे पुढे ढकलला आणि ऐनवेळच्या विषयांत 'घरचे म्हणजे कोण' हा प्रश्न घेतला. चिटणीसांनी मुद्दा मांडला, की मालकीणबाई याच इमारतीत लहानाच्या मोठ्या झाल्या, आपण सगळ्यांनी त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं, तेव्हा आपण घरचे नाही तर कोण? डॉक्टर म्हणाले, तिचे दुधाचे दात मी काढलेत, याहून जवळचं नातं कोणतं? मापसाहेबांनी हरकत घेतली, पण ते संबंधित पक्ष असल्यामुळे त्यांना बोलता येणार नाही असं ठरलं. भाडेकरूंना घरचे धरावं की नाही यावर वादावादी झाली, ते काम पोटसमितीकडे गेलं, आणि बाकी ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. ठरावाची एक प्रत चिटणीसांनी सहीशिक्क्यानिशी मापसाहेबांच्या घरी पोचती केली. टाकी तिकडे गळतच होती.

त्यानंतर इमारतीतली माणसं हॉटेलात जाऊन जेवायची, उठताना कॅप्टनच्या पाठीवर थाप मारायची आणि "आम्ही घरचे" म्हणून निघून जायची. लोण इमारतीबाहेरही गेलं. समोरचा औषधवाला म्हणाला, आम्ही घरच्यांचे शेजारी. कोपऱ्यावरचा चाव्या करणारा म्हणाला, घरच्यांच्या कुलपांच्या चाव्या माझ्याकडून होतात. कॅप्टनच्या मिशांचा ताठा हळूहळू उतरू लागला.

घरचे झाल्याचा दुसरा एक उपद्रव होता. जेवण आवडलं नाही हे घरच्या माणसाने लेकीच्या तोंडावर कसं सांगायचं? म्हणून सगळे गल्ल्यावर "फारच छान" म्हणायचे आणि जिना चढून मापसाहेबांची बेल वाजवायचे. चिटणीस म्हणाले, सूप म्हणजे गरम पाण्याने स्वप्नात मीठ बघावं तसं आहे. डॉक्टर म्हणाले, या नूडल्सला दातच लागत नाहीत, हे असंच चाललं तर माझ्या धंद्याचं काय? शिवणकामाच्या बाईंना सूप बरं वाटलं होतं, पण नूडल्स बघून रिळाचा गुंता आठवला आणि जेवण गेलं नाही. प्रत्येक जण जाताना "तुम्ही घरचे म्हणून सांगितलं, तिला नका बोलू" एवढं बजावून जायचा. मापसाहेब दारात उभे राहून ऐकायचे. तक्रार खरी होती आणि त्यांना ती सगळ्यांच्या आधी माहीत होती, हे सगळ्यात असह्य होतं.

एका दुपारी लेक घरी आली आणि चप्पल न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आईने पाणी दिलं, ते तिने नुसतं हातात धरलं. कॅप्टन नोकरी सोडून चालला होता. टिपेशिवाय त्याचं भागणारच नव्हतं, आणि त्याला वरचा पगार देण्याची यांची ऐपत नव्हती. तो गेला तर हॉटेल आठवडाभरही चालणार नाही, हे तिला माहीत होतं. हे सांगताना तो म्हणाला होता, ताई, या हॉटेलात सगळे घरचेच आहेत, गिऱ्हाईक कोणीच नाही.

"आणि जी बाहेरची माणसं येतात ना बाबा, ती परत येत नाहीत," ती म्हणाली. "का ते कोणी सांगत नाही. स्वयंपाकघरातून हा रोज म्हणतो, सुपात काहीतरी कमी आहे, बदलून बघू. मीच बदलू देत नाही. म्हटलं, बाबांनी मापात आहे म्हणून सांगितलंय, ते खोटं सांगायचे नाहीत."

मापसाहेबांनी बायकोकडे बघितलं. बायकोने भांडी आवरायला घेतली. तिने अशी भांडी आवरायला घेतली, की नवऱ्याला जे समजायचं ते समजलं. पण मापसाहेब सुरीने साखरेचा चमचा सपाट करत राहिले, आणि लेक पाणी न पिताच उठून गेली. त्यांना स्वतःची लाज वाटली. मेव्हण्याचा तराजू निदान थोडंच कमी देत होता.

दुसऱ्या संध्याकाळी मापसाहेब पांढरा सदरा घालून हॉटेलात गेले. हॉटेल भरलेलं होतं, म्हणजे घरच्यांनी भरलेलं होतं. चिटणीस होते, डॉक्टर सहकुटुंब होते. मापसाहेबांनी या खेपेला रुमाल बांधून घेतला. वाडगा रिकामा केला, बिल चुकतं केलं आणि टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी टिप ठेवली. कॅप्टनचे हात सवयीने पाठीमागे गेले.

"उचला," मापसाहेब म्हणाले. "मी आज घरचा नाही. गिऱ्हाईक आहे, आणि माझी तक्रार आहे. सूप अळणी आहे. नूडल्सचा गोळा होतो. पहिल्या खेपेला मी मापात आहे म्हणालो, ते खोटं होतं."

रुमाल काढायचा राहिला होता, त्यामुळे हवा तेवढा भारदस्तपणा आला नाही, पण सगळ्यांच्या माना वळल्या. डॉक्टरांच्या काड्यांवरचा गोळा तसाच लोंबत राहिला. लेकीने बापाकडे एकदा बघितलं, गल्ला बंद केला आणि आत निघून गेली. स्वयंपाकघराच्या दारात जावई आला होता. धुरकट चष्म्यातून त्याने सासऱ्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मी तिला हेच सांगत होतो, बाबा." आता सासरा आणि जावई एका बाजूला आणि लेक दुसऱ्या बाजूला, असा आणखी एक गुन्हा मापसाहेबांच्या नावावर चढला.

चिटणीसांना मात्र राहवेना. घरच्या माणसाने चारचौघांत असं बोलणं शोभतं का, असं ते म्हणाले, आणि बोलता बोलता नेहमीप्रमाणे टिप न ठेवता उठले. तेवढ्यात कॅप्टनने मापसाहेबांची टिप उचलून जाकिटाच्या खिशात घातली. खिशात काहीतरी पडल्याबरोबर त्याच्या मिशा पुन्हा ताठ झाल्या. तो चिटणीसांपुढे जाऊन अदबीने वाकला.

"आपण घरचे ना साहेब? मग तो वाडगा तेवढा आत नेऊन विसळून ठेवा. घरची माणसं आपलं आपण उचलतात."

चिटणीसांनी वाडग्याकडे बघितलं, मोरीकडे जाणाऱ्या वाटेकडे बघितलं, आपल्या कोऱ्या कपड्यांकडे बघितलं. मग ते खाली बसले, खिशात हात घातला आणि परके झाले. डॉक्टरांनी त्यांच्याही आधी खिशात हात घातला होता. परके झाल्यावर सगळ्यांना एकदम वाचा फुटली. मीठ, गोळा, काड्या, खिडकीतून येणारा वारा, इतक्या तक्रारी निघाल्या की जावई धावत आतून पेन्सिल घेऊन आला. पैसे मोजले की माणसाला केवढं मत येतं, हे मापसाहेबांनी त्या दिवशी बघितलं. कॅप्टन राहिला.

लेक मात्र राहिली नाही, म्हणजे बापाशी बोलती राहिली नाही. बायको म्हणाली, सांगायचं होतं ते घरात सांगायचं, पहिल्याच खेपेला सांगायचं, आणि रुमाल काढून सांगायचं. मापसाहेबांना यातलं एकही वाक्य खोडता आलं नाही. ते बाल्कनीत बसून कोपऱ्यावर बघत राहत. स्वयंपाकघराचा दिवा पूर्वीपेक्षा उशिरापर्यंत जळत होता, आत काहीतरी चाललं होतं, पण त्यांना कोणी बोलावत नव्हतं. चिटणीस रोज जिन्यात भेटून, आता सूप कसं सुधारलंय हे सांगायचे. बापाला लेकीच्या सुपाची बातमी चिटणीसांकडून कळावी, यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

मग एका सकाळी बेल वाजली. दारात लेक, हातात झाकण घातलेलं भांडं. सरळ आत आली, आईकडून वाडगा घेतला, वाढलं आणि बापापुढे ठेवलं. स्वतः हाताची घडी घालून उभी राहिली. मापसाहेबांनी न सांगता रुमाल बांधला. नूडल्स उचलल्या. एकेक सुटी, गोळा नाही. सूप घेतलं. मीठ होतं, आणि मिठाच्या मागून आणखीही काहीतरी येत होतं, ज्याला नाव देता येईना. त्यांनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. वाडगा तोंडाला लावला आणि संपवला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

"घरचे म्हणून सांगताय की गिऱ्हाईक म्हणून?"

मापसाहेब उठले. खुंटीवरच्या सदऱ्यातून पाकीट काढलं, एक नोट वाडग्याशेजारी ठेवली आणि गुन्हेगारासारखे उभे राहिले. लेकीने नोट उचलली, उलटसुलट करून बघितली, उजेडात धरली. मग आईकडे बघत तिने ओठ दाबले, पण डोळ्यांतलं हसू काही तिला दाबता आलं नाही. म्हणाली, "एवढीच?"

आणि मापसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा न मोजता अख्खं पाकीट टेबलावर उपडं केलं.